सुगुणाक्कांसाठी मेतकूट-भात

कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकीने नव्या ड्रेसवर चहा सांडून घेतला आणि वर मलाच बोलली.

तर माझ्यामुळे एक अख्खी कंपनी तीन दिवस हातावर हात ठेवून बसली होती. साधीसुधी नाही, सॉफ्टवेअरची कंपनी, हैदराबादची, काचेच्या इमारतीतली. आणि मी केलं काय होतं? एका बाईची चौकशी केली होती. जेवलात का, बरं वाटतंय का, एवढंच. आमच्या परभणीला याला माणुसकी म्हणतात. तिथे त्याला व्हायरस म्हणाले.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले तेव्हा जिकडेतिकडे एकच हाकाटी होती, की दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर गडबडणार. जुन्या प्रोग्रॅमांमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले. शून्य-शून्य दिसलं की त्या बिचाऱ्यांना वाटणार, एकोणीसशे साल आलं. ते दुरुस्त करायचं काम अमेरिकेतून टोपल्या भरभरून हैदराबादला येत होतं आणि माणसं कमी पडत होती. किती कमी? इतकी, की त्यांनी मला घेतलं.

मी मुळात दचकणारी. कुकरच्या शिट्टीला दचकते. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मला माहीत असतं, मी शिट्ट्या मोजत उभी असते, तरी दचकते. अण्णा म्हणाले, हिला हैदराबादला पाठवायचं म्हणजे चिमणीला तोफखान्यात नोकरी लावायची. आमच्याकडे हैदराबादला माणूस दोनच कामांसाठी जातो, मोठं ऑपरेशन नाहीतर लग्नाच्या बांगड्या. तिथे कुणी राहायला जातं हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. तिने बरोबर मेतकुटाचा डबा दिला, तुपाची बरणी दिली आणि सांगितलं, बोलत जा गं लोकांशी.

आता बोलायचं कुणाशी?

हॉस्टेल चिक्कडपल्लीला. खोलीतल्या दोघी नर्स. मी जागी असले की त्या झोपलेल्या, त्या जाग्या असल्या की मी ऑफिसात. सात महिन्यांत मी त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या चादरी जास्त ओळखायला लागले होते.

ऑफिसात तर त्याहून कमाल. कंपनी इतक्या वेगाने वाढत होती की खुर्च्या कमी पडल्या. मग मला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं, तात्पुरतं म्हणून. खिडकी नाही. चारही भिंतींना खोकी, खोक्यांत जाडजूड मॅन्युअलं, मधे एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि मी. काम असं, की अमेरिकेतल्या प्रोग्रॅमांचे छापील गठ्ठे यायचे आणि त्यात जिथे जिथे तारीख दिसेल तिथे लाल पेनाने गोल करायचा. दिवसभर गोल. संध्याकाळी डोळे मिटले तरी गोल.

पहिल्या आठवड्यात मी कॅन्टीनमध्ये जेवायला जायचे. तिथल्या मुली सरकून जागा द्यायच्या. त्यांचं तेलुगूत रंगात आलेलं असायचं. मी बसले की त्या थांबायच्या, इंग्रजीवर यायच्या आणि विचारायच्या, हैदराबाद कसं वाटतंय? मी म्हणायचे, छान. मग सगळ्या भाताकडे बघायच्या. मग हळूच तेलुगू परत सुरू. तिसऱ्या दिवशी मलाच ओशाळल्यासारखं झालं, की माझ्यापायी यांच्या गप्पा रोज दोन मिनिटं बंद पडतात. मी डबा माझ्या खोलीत खायला लागले. वाईट कुणीच नव्हतं हो. वाईट असतं कुणी, तर आईला पत्रात लिहायला काहीतरी मिळालं असतं.

एका शुक्रवारी मी आठवून पाहिलं, या आठवड्यात आपण मोठ्याने काय काय बोललो? बसच्या कंडक्टरला, “चिक्कडपल्ली.” मेसवाल्या बाईंना, “बस.” रिसेप्शनवरच्या पद्मजाला, “गुड मॉर्निंग.” पद्मजा माझ्याच वयाची. सतत कानाला फोन, तरी हसायची. संपला आठवडा.

आणि मग सुगुणाक्का आल्या.

त्या दिवशी सकाळी कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरच्या मागे एक तार जोडून गेलं होतं. दुपारी बरोबर एक वाजता मी डबा उघडला आणि कॉम्प्युटरमधून ‘टण्ण’ असा आवाज आला. मी अशी दचकले की वरण थेट अमेरिकेच्या गठ्ठ्यावर. बघते तर पडद्यावर मधोमध एक करडा चौकोन. वर लिहिलेलं, सुगुणाकडून टेम्प नाइनला. टेम्प नाइन म्हणजे माझा कॉम्प्युटर. त्याला धड नावही कुणी ठेवलं नव्हतं. आणि खाली इंग्रजीत, की जेवायची वेळ झाली आहे, काम सेव्ह करा आणि शांतपणे जेवून घ्या. त्याखाली ओकेचं बटण.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी मागे वळून पाहिलं, कुणी उभं आहे का.

कोण सुगुणा, कुठे बसते, मला माहीत नव्हतं. पण या शहरात कुणीतरी मला पहिल्यांदाच जेवून घे म्हणालं होतं. मी ओके दाबलं आणि खरंच शांतपणे जेवले. संध्याकाळी सहाला परत टण्ण. “उशीर होतो आहे. कॉम्प्युटर बंद करा आणि जपून घरी जा. उद्या वेळेवर या.” जपून! त्या दिवशी मी रस्ताही खरंच जपून ओलांडला.

आता उत्तर तर द्यायला हवं. मॅन्युअलांच्या खोलीत बसल्याचा तेवढा एक फायदा. दोन दिवस शोधलं आणि एका पानावर सापडलं, की कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला असा निरोप कसा पाठवायचा. त्याच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं, की असे निरोप ठरलेल्या वेळी आपोआप पाठवायची सोय कशी करावी. ते पान मी वाचलं नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं ना! अभ्यासातही माझं असंच व्हायचं.

मी लिहिलं, होय मॅडम, जेवले, आपण जेवलात का?

उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, म्हटलं, मोठ्या हुद्द्यावरची बाई, कामात असणार. पण दुसऱ्या दिवशी ठीक एकला टण्ण! जेवून घ्या. मी मनात म्हटलं, काय शिस्तीची बाई आहे. मिनिट इकडचं तिकडे होत नाही.

शंका आली नाही का, असं तुम्ही विचारणार. सगळे विचारतात. येणारच होती, पण तेवढ्यात एक गोष्ट घडली. एका दुपारी गोल करून करून माझे डोळे चुरचुरायला लागले, म्हणून मी लिहिलं, अक्का, आज डोळे फार जळजळतायत. पाच मिनिटांत टण्ण! “डोळ्यांना दोन मिनिटं विश्रांती द्या. लांब कुठेतरी बघा.” आता बोला. हा निरोप रोज साडेतीनला यायचा, आणि रोज साडेतीनला मी कॉम्प्युटर बंद करून खाली नवे गठ्ठे आणायला गेलेली असायचे, हे मला कुठून ठाऊक असणार? माझ्या खोलीत लांब बघण्यासारखं काही नव्हतं. मी दार उघडून जिन्याकडे दोन मिनिटं बघत उभी राहिले, कारण अक्कांनी सांगितलं होतं.

तिथून मग माझा बांध फुटला. आधी इंग्रजीत लिहायचे. पण इंग्रजीत माणूस किती दुःखी होणार? मग मराठीत, इंग्रजी अक्षरांत. अक्कांना मराठी येतं का, हा प्रश्न पडला होता, पण हैदराबादेत जुन्या लोकांना थोडं थोडं समजतं असं अण्णा म्हणायचे. अक्का, मेसमध्ये परत उपमा, मेतकूट होतं म्हणून निभावलं. अक्का, आज बसमध्ये एका बाईंनी माझी पिशवी मांडीवर घेतली, बरं वाटलं. अक्का, मेतकूट निम्म्यावर आलं. अक्का, मी कुणाशी बोलत नाही असं लोकांना वाटत असेल का? दिवसाला आठ-दहा निरोप. पाठवताना आधी दाराकडे बघून घ्यायचे, कारण कामाच्या वेळेत हे असं चालतं का ते माहीत नव्हतं. म्हणूनच कुणाला विचारलंही नाही. अक्का माझ्यामुळे अडचणीत यायला नकोत.

मनात मात्र त्यांचं चित्र पक्कं होतं. पन्नाशीच्या, कडक गदवाल साडी, केसात मोगरा, चष्म्याला दोरी. लिफ्टमध्ये अगदी अशीच एक बाई रोज भेटायची. मी तिच्याकडे बघून आठवडाभर ओळखीचं हसले. तीही हसायची. एकदा धीर करून मी म्हटलं, “डोळे आता बरे आहेत.” ती दुसऱ्या मजल्यावरच्या विमा ऑफिसात उतरली आणि त्यानंतर जिन्याने जायला लागली.

मग अण्णांचं पत्र आलं. परभणीच्या कन्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली होती. मुख्याध्यापक ओळखीचे. घरचं जेवण, आपली माणसं, शिट्ट्या फक्त आपल्याच कुकरच्या. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळव. पत्राच्या खाली आईच्या अक्षरात एकच ओळ होती, तुझी गादी उन्हात घालून ठेवली आहे.

ते पत्र मी इतक्या वेळा घडी घालून उघडलं की मधोमध फाटलं. जायचंच होतं मला. मग राहिले कशी? शुक्रवारी साडेपाचला मी लिहिलं, अक्का, सगळं तुमच्यावर सोडते. मी घरी जाऊ, की इथेच राहू?

आणि हात जोडून बसले. सहाला टण्ण.

“जपून घरी जा. उद्या वेळेवर या.”

हे रोजचंच वाक्य होतं, मान्य. पण सत्यनारायणाची पोथीही दर वेळी तीच असते, तरी ज्याला जे हवं ते त्यात मिळतंच ना? मी नीट विचार केला. घरी जा म्हणतायत, म्हणजे आजच्यापुरतं. पण उद्या वेळेवर या, म्हणजे मला हलायचं नाही. केवढी समज! मी थेट एस.टी.डी. बूथवर गेले आणि अण्णांना सांगून टाकलं, मी इथेच राहते, इथे माझं एक माणूस आहे. अण्णा सावध आवाजात म्हणाले, कोण? म्हटलं, बाई आहेत हो, पन्नाशीच्या. तेव्हा कुठे त्यांचा श्वास सुटला. दुसऱ्याच दिवशी ती जागा आमच्या गल्लीतल्या सुनंदाला मिळाली.

म्हणजे बघा, परतीचा रस्ता मी अक्कांच्या शब्दावर बंद केला. आणि सोमवारी अक्का गप्प झाल्या.

एक वाजला. काही नाही. साडेतीन, काही नाही. सहा वाजले, तरी नाही. सगळं ऑफिस रिकामं झालं आणि मी तशीच बसून राहिले, कारण जा म्हणायला कुणी नव्हतं. शेवटी वॉचमन दिवे घालवत आला. मी दचकले, माझ्या किंकाळीने तोही दचकला, आणि मग निघाले.

मंगळवारी ऑफिसात वेगळंच वातावरण. सगळे चहाचे कप घेऊन बाहेर उभे, काम ठप्प. माझे गठ्ठे कागदी, त्यामुळे माझं काम चालू, आणि नक्की काय झालंय हे मला कुणी येऊन सांगणार नव्हतं. दुपारपर्यंत दम धरला. मग मनाचा हिय्या करून पद्मजाकडे गेले.

“सुगुणा... दो दिन से...”

“हौ, सुगुणा गिर गई ना,” पद्मजा म्हणाली, जशी काही पेनाची टोपी पडली. “उठतीच नहीं. राव सर कल से उसीच के पास बैठे हैं, ऊपर चौथे माले पे.”

मी विचारलं, फार सीरियस आहे का?

“क्या मालूम. पुरानी भी हो गई ना. साब बोले, नहीं उठी तो नई लाएंगे.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि मी तशीच परतले. पुरानी झाली! नवी आणणार! वडीलधाऱ्या बाईबद्दल हे बोलणं? आणि राव सर कोण? नक्कीच अक्कांचे यजमान. बिचारे, कालपासून उशाशी बसलेले. दवाखान्यात हलवायचं सोडून यांनी त्या माउलीला चौथ्या मजल्यावर ठेवलंय. आणि ही कंपनी अमेरिकेची कामं करते!

आजारी माणसाला आपल्याकडे काय देतात? बुधवारी सकाळी मी मेसवाल्या बाईंना हातवारे करून मऊ भात मागितला. त्यावर उरलेलं सगळं मेतकूट, वरून घरचं तूप. स्टीलच्या डब्यात भरलं, नॅपकिनमध्ये गुंडाळलं आणि ऑफिसला जाऊन थेट चौथ्या मजल्यावर.

काचेचं दार, बाहेर चपला काढायची फळी. चपला काढल्या. आत थंडी अशी, की दात वाजावेत. आणि तिथे स्टुलावर एक साठीचे गृहस्थ, अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, डोळे तांबारलेले. बघूनच कळलं, घरच्या माणसाने आशा सोडत आणलीय. शेजारी पद्मजा, हातात लांबलचक कागदांची पट्टी आणि चेहरा भूत बघितल्यासारखा.

“आओ अम्मा, डॉक्युमेंट रूम से ना?” राव सर म्हणाले. “मैंच बुलाने वाला था.”

मी अगदी दबक्या आवाजात विचारलं, “अक्का कैसे हैं?”

अक्का म्हटल्याचं त्यांना काही वाटलं नाही. “सुबह आँख खोली जरा,” ते म्हणाले.

“मैं मिल सकती हूँ?”

“मिलो ना. वो क्या, सामनेच है.”

समोर टेबल होतं. टेबलावर एक पिवळट पत्र्याचं खोकं, एका बाजूचं झाकण काढलेलं, आतल्या तारा बाहेर आलेल्या, आणि त्या उघड्या पोटावर टेबलफॅनचा वारा सोडलेला. मी टेबलाच्या मागे वाकून पाहिलं. खाली पाहिलं. खाट नाही, गादी नाही.

“किधर?”

राव सरांनी त्या खोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी डबा छातीशी धरून ऐकलं. मालकांना तीन थोरल्या बहिणी. लहानपणी तिघींनी सांभाळलेलं. म्हणून कंपनीच्या तीन मोठ्या मशीनना त्यांनी बहिणींची नावं दिली, सुगुणा, विमला, कमला. सगळ्या ऑफिसचं काम पोटात ठेवते ती सुगुणा, आणि तिघींची देखभाल करतात ते राव सर.

मी हसले नाही, रडलेही नाही. मी विचारलं, मग ते एक वाजता जेवून घ्या कोण म्हणतं?

“प्रोग्राम है अम्मा. मैंच लिखा. पहले खाली ‘काम बंद करो’ लिखता था तो लोगां गालियाँ देते थे. साब बोले, जरा प्यार से लिखो, अक्का के जैसा.”

“सबको जाता है?”

“सबको. पढ़ता कोई नहीं, पर जाता सबको.”

सांगते तुम्हाला, त्या खोलीत इतकी थंडी होती, पण मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. सुनंदा त्या वेळी माझ्या शाळेत खडू घेऊन उभी असेल.

“वो छोड़ो,” राव सरांनी पद्मजाच्या हातातली पट्टी माझ्यापुढे धरली. “ये वायरस है. नौ दिन से घुस रा. टेम्प नाइन बोल के कोई मशीन अपनी लिस्ट में हैच नहीं. तुम्हारे मैन्युअलां में देखो, ये कमांड क्या है. बार बार आ रा. मेटकट.”

पट्टीवर माझं सगळं आयुष्य छापलेलं होतं. उपमा, बस, पिशवी, डोळे. आणि जिथे जिथे ‘मेतकूट’ आलं होतं तिथे तिथे लाल पेनाने गोल. माझ्यासारखाच गोल. व्यवस्थित.

मी पळूनही गेले असते. पण पद्मजाचा आवाज कापत होता. “सर, इसमें मेरा नाम भी है,” ती म्हणाली. “वायरस को मेरा नाम कैसा मालूम?”

ती खरंच घाबरली होती. दचकणाऱ्या माणसाला दचकलेलं माणूस बघवत नाही. मी तिने दाखवलेली ओळ वाचली आणि तोंडातून हिंदी-इंग्रजी जे येईल त्यात सांगितलं, की तो व्हायरस मी आहे. आणि तुझ्याबद्दल लिहिलंय, की पद्मजा रोज केसांना वेगळी क्लिप लावते, तिला सांगावंसं वाटतं की छान दिसते, पण तिचा फोन चालू असतो.

पंखा अक्कांच्या पोटावर वारा घालत राहिला. पद्मजाचा हात आपोआप केसांकडे गेला. त्या दिवशी निळी फुलपाखराची क्लिप होती.

“और मेटकट?” राव सरांनी विचारलं.

मी नॅपकिन सोडला आणि डबा उघडून दाखवला.

झालं होतं असं. रोज दुपारी सुगुणाच्या पडद्यावर एक चौकोन यायचा, टेप बदला. टेप बदलून ओके दाबलं, की सगळ्या कामाची त्या टेपवर नक्कल व्हायची आणि जुनं पुसलं जाऊन जागा मोकळी व्हायची. माझे निरोप नेमके त्या चौकोनावर जाऊन बसले, एकावर एक, नव्वदच्या वर. खालचं ‘टेप बदला’ कुणाला दिसलंच नाही. नक्कल झाली नाही, जुनं पुसलं गेलं नाही, पोट भरलं आणि सुगुणा बसली. म्हणजे मी ज्या बाईसाठी आजाऱ्याचा भात घेऊन आले होते, तिला मीच आजारी पाडलं होतं. बोलून बोलून!

राव सर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आता हे मालकांना फोन लावणार, संध्याकाळपर्यंत मी परभणीच्या गाडीत, आणि तिथे सुनंदा. मग मला एक प्रश्न पडला, आणि मी तो भीतभीतच विचारला, की सर, टेप रोज बदलायची असते, तर मग नऊ दिवस कुणी आलं कसं नाही?

राव सरांनी मफलर जरा घट्ट केला. म्हणाले, इथे थंडी फार, त्यांना सर्दी होती, तर ते बाहेरूनच काचेतून बघायचे. पडद्यावर चौकोन दिसायचा. वाटायचं, सगळं ठीक आहे.

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, धूळ.

तो भात आम्ही तिघांनी काचेबाहेरच्या पायरीवर बसून खाल्ला. राव सरांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चघळला, आणि म्हणाले, “कमांड अच्छी है.” पद्मजाचा फोन खाली वाजत होता. तिने तो दोनदा वाजू दिला आणि मग गेली.

तुम्ही म्हणाल, चला, गोड झालं. झालं थोडंसं. पण त्या संध्याकाळी बसमध्ये मला काही सुचेना. रडायचं तर कुणासाठी? मेलं कुणीच नव्हतं, आणि माझं तर माणूस गेलं होतं. घरी कळवायची सोय नाही. अण्णांनी फोनवर विचारलं, त्या बाई कशा आहेत? मी म्हटलं, आता बऱ्या आहेत, झाकण लावलं. ते म्हणाले, काय लावलं? मी म्हटलं, औषध.

राव सरांनी मला शिक्षा दिली होती. रोज एक वाजता वर यायचं, टेप बदलायची आणि ओके दाबायचं, म्हणजे त्यांना थंडीत जायला नको.

दुसऱ्या दिवशी सुगुणा पूर्ण उठली. ठीक एकला माझ्या खोलीत टण्ण झालं. मी दचकले. जेवायची वेळ झाली आहे, काम सेव्ह करा, शांतपणे जेवून घ्या. सगळं तेच. फक्त खाली एक नवी ओळ होती, की हा निरोप यंत्राने पाठवला आहे, कृपया उत्तर देऊ नये. सगळ्या ऑफिसच्या पडद्यांवर ती ओळ गेली. वाचली फक्त एकीने, आणि लिहिलीही तेवढ्यासाठीच होती.

मी ती दोनदा वाचली. मान हलवली. डबा झाकला, जिना चढले, चपला काढल्या.

आत राव सर मफलर गुंडाळून, हाताची घडी घालून, पडद्यासमोर उभे. ‘टेप बदला’ दिसत नव्हतं. त्याच्या बरोब्बर वर एक करडा चौकोन बसला होता. टेम्प नाइनकडून सुगुणाला. “बरं अक्का.”

शपथेवर सांगते, तो मी कधी पाठवला ते माझं मलाही आठवत नव्हतं.

राव सर बाजूला सरकले. “दबाओ अम्मा,” ते म्हणाले. “अब तुमीच पढ़ो, तुमीच दबाओ.”

मी वाचलं, आणि ओके दाबलं.